चौथी तळटीप

माझा मित्र गेल्या महिन्यात वारला. कोलार रोडवरच्या त्याच्या घरी तेराव्याला जेवायला बसलो, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "आपण यांचे कोण?" मी म्हणालो, "एका सेक्शनमध्ये होतो." तेवढंच उत्तर देण्याचा अधिकार मला उरला आहे. खरं सांगायचं तर सात वर्षं आम्ही दोघं एका परक्या भाषेत बोलत होतो. मग मी एक कागद लिहून दिला, आणि त्यानंतर तो त्या भाषेतला एक शब्दही माझ्याशी बोलला नाही. तो पुन्हा बोलेल, निदान एकदा, म्हणून मी बावीस वर्षं वाट पाहिली. ही त्या कागदाची हकिकत आहे.

आम्ही भोपाळातल्या एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. मी पुण्याचा, तो नागपूरचा. दोघांचे क्वार्टर एकाच रांगेत, मधे तीन घरं. कारखान्यात काही यंत्रं जर्मनीहून आली होती आणि त्यांची पुस्तकं वाचता यावीत म्हणून आमच्यातल्या पाच-सहा जणांना आठ महिने जर्मन शिकवलं गेलं. बाकीचे नट-बोल्टांची नावं पाठ करून थांबले. आम्ही दोघं थांबलो नाही. मला भाषेचं व्याकरण आवडायचं, त्याला भाषेत गप्पा मारायला आवडायचं. आमच्यातला हा फरक तेव्हा गमतीचा वाटायचा.

एका रविवारी तो जवाहर चौकातल्या कबाडीकडून एक पुस्तक घेऊन आला. वसाहतीत पूर्वी राहून गेलेल्या कुणा परदेशी तज्ज्ञाच्या सामानातलं असावं. दारातूनच ओरडला, "हे पाय बे, जर्मन उजवीकडून लिहिलंय!"

जर्मन नव्हतं ते. यिडिश होतं. पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांची घरातली बोली. कानाला जर्मनची चुलत बहीण, अक्षरं मात्र हिब्रूची, उजवीकडून डावीकडे धावणारी. पुस्तक नवशिक्यांसाठी इंग्रजीतून लिहिलेलं होतं आणि पहिल्या वीस पानांवर कुणीतरी पेन्सिलीने उच्चार लिहून ठेवले होते. पुढची पानं कोरी. तो माणूस विसाव्या पानावर कंटाळला होता.

"आपण एकविसाव्यापासून धरू," तो म्हणाला.

"आणि पहिली वीस?"

"ती तू शिकव ना मले. पुण्याचे लोक कशासाठी असतात?"

आम्ही ती भाषा का शिकलो, असं पुढे मला एका साहेबांनी विचारलं, तेव्हा सांगता आलं नाही. साडेचारला हूटर व्हायचा, पाचला घर, आणि पुढे लांबच लांब संध्याकाळ. वसाहतीत कुणी क्लबात बॅडमिंटन खेळायचं, कुणी रमी, कुणी गुलाबांना कलमं करायचं. आम्ही यिडिश करायचो. एवढंच. शॉर्टवेव्हवर संध्याकाळी थोडा वेळ त्या भाषेतला कार्यक्रम लागायचा. त्याच्या गच्चीवर तार ताणली होती. खरखरीतून एखादं वाक्य स्वच्छ आलं की तो माझ्या मांडीवर थाप मारायचा.

रविवारी सकाळी भाजीबाजारापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं, तेवढ्या वेळात दुसरी भाषा तोंडातून काढायची नाही, असा आमचा नियम होता. ज्याची जीभ घसरेल त्याने पोहे-जिलबी खिलवायची. तोच जास्त वेळा हरायचा, कारण त्याला रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाशी बोलायचं असायचं. टमाटे निवडताना आम्ही भांडत होतो तेव्हा भाजीवालीने विचारलं, "साहब, मद्रास से आए हो क्या?" तो गंभीरपणे म्हणाला, "उससे भी आगे से." आणि मग माझ्याकडे वळून, हरला म्हणून, "चल बे, पोहे."

माणसांना नावं ठेवायची सोयही त्या भाषेत होती. आमचे विभागप्रमुख रोज सकाळी हूटरच्या आधी सेक्शनमध्ये येऊन मान उंच करून उभे राहायचे आणि घसा खाकरायचे. मी त्यांचं नाव ठेवलं, होन. होन म्हणजे कोंबडा. ते नाव माझं होतं. मीच ठेवलं होतं. त्याला ते इतकं आवडलं की तो दिवसभर ड्रॉइंग बोर्डाआड हसत राहिला.

रेडिओवरच्या त्या कार्यक्रमाच्या शेवटी पत्रमैत्री करू इच्छिणाऱ्यांची नावं वाचायचे. आम्ही दोघांनी पत्रं पाठवली. माझं चार पानी होतं, मी ते तीनदा उतरवून काढलं होतं, त्यात एकही चूक नव्हती. उत्तर त्याला आलं.

अर्जेंटिनातल्या एका म्हातारीचं. पूर्वी शिवणकाम करायची, नवरा गेलेला, मुलं स्पॅनिश बोलणारी. तिने लिहिलं होतं की तुझ्या पत्रातल्या चुका वाचून मी खूप दिवसांनी हसले, आणखी चुका कर. ते पत्र त्याने मला वाचायला दिलं तेव्हा मी त्याच्या चुका कोणत्या त्या समजावून सांगितल्या. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावरचा आनंद काही उतरला नाही. मला ते आवडलं नाही. आज, तो नसताना, हे लिहायला काय हरकत आहे? मला ते मुळीच आवडलं नाही.

म्हातारीचा छंद कागद कातरण्याचा होता. तिच्या आजोबांच्या गावी सणाला कागदाची घडी घालून त्यातून हरणं, सिंह, द्राक्षाचे वेल कातरून खिडकीला लावायचे. ती त्याला पत्रांतून शिकवू लागली. पत्रासोबत अर्ध्या चित्राचा कागद यायचा. अर्धंच, कारण घडी उलगडली की दुसरं अर्धं आपोआप येतं. कुठून कातरायला सुरुवात करायची, मग कुठे वळायचं, हे ती बाणांनी आणि आकड्यांनी दाखवायची. तो आरेखक होता, त्याचा हात असा चालायचा की बघत राहावं. ऑफिसातून रद्दी झालेला ट्रेसिंग पेपर आणायचा, ब्लेडने कातरायचा आणि आपली नवी चित्रं तशीच अर्धी, बाण-आकडे घालून तिला पाठवायचा. एका दिवाळीत त्याच्या आकाशकंदिलावर दोन हरणं समोरासमोर उभी होती. पुढच्या वर्षी मंडळाच्या गणपतीच्या मखरात द्राक्षाचे वेल आले. बायका विचारायच्या, ही कुठली डिझाइन हो? तो सांगायचा, "माझ्या मावशीकडची."

वहिनी, म्हणजे त्याची बायको, वैतागायच्या. "घरभर कपटे. झाडून झाडून कंबर गेली माझी. त्या म्हातारीले लिहा, म्हणावं एकदा येऊन केर काढून जा." त्याने ते तसंच लिहिलं. महिन्या-दीड महिन्याने उत्तरात एक केरसुणी आली, कागदाची, तिच्या दांड्यावर दोन चिमण्या बसलेल्या. वहिनींनी ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

तो पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर मागवायचा. क्वार्टर बदलायचा अर्ज केला होता, नंबर बदलला तर पत्र हरवेल म्हणून. ही त्याची चूक. डाक विभागातल्या कुणाला तरी ती अक्षरं खटकली असतील. एक पाकीट उघडलं गेलं आणि आत निघालं एका आरेखकाला आलेलं अर्धं चित्र, बाण आणि आकडे घातलेलं. मग त्याचं बाहेर जाणारं एक पत्रही अडवलं गेलं. त्यातही अर्धं चित्र.

सुरक्षा विभागाच्या अधिकाऱ्यांनी बोलावलं ते मला. त्याला नाही. टेबलावर दोन्ही पत्रं होती.

"आप ये पढ़ लेते हैं?"

"जी."

"ये नक्शा किस चीज़ का है?"

मी हसलो. कागद घेतला, घडी घातली, टेबलावरच्या कात्रीने एकपासून नऊपर्यंत आकड्यांच्या क्रमाने कातरलं आणि उलगडून दाखवलं. दोन मोर. अधिकारी बघतच राहिले. मग तेही हसले. भले गृहस्थ होते.

"कमाल है. अच्छा, चिट्ठी में क्या है, चार लाइन में लिख दीजिए. फाइल बंद करता हूँ."

चार ओळी. चार ओळींत सगळं मिटत होतं. माझ्या मित्राला कळलंही नसतं. पण मी सात वर्षं ती भाषा शिकलो होतो आणि जगात कुणीही, कधीही, मला त्या भाषेबद्दल काही विचारलं नव्हतं. म्हातारीनेसुद्धा नाही. मी म्हणालो, "सर, चार ओळींत ते नीट येणार नाही. मी संपूर्ण भाषांतर करून देतो."

त्यांनी खांदे उडवले. "जैसी आपकी मर्ज़ी."

तीन दिवस मी त्यावर बसलो. इंग्रजीत केलं, स्वतः टाइप केलं. अकरा पानं झाली. ज्या शब्दांना नेमका प्रतिशब्द नव्हता तिथे तळटिपा दिल्या. पहिली टीप एका सणाबद्दल होती, दुसरी लोणच्याच्या काकड्यांबद्दल, तिसरी एका गावाच्या जुन्या नावाबद्दल.

चौथी त्याच्या पत्रावर. त्याने म्हातारीला लिहिलं होतं की आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, पण कोंबड्याच्या लॉनवर कारखान्याचा टँकर रोज येतो, आणि कोंबड्याच्या मुलीच्या लग्नातलं फर्निचर कारखान्याचे सुतार ड्युटीच्या वेळात करताहेत. हे सगळ्या वसाहतीला माहीत होतं. त्याने नाव लिहिलं नव्हतं. हुद्दा लिहिला नव्हता. वाचणाऱ्याला वाटलं असतं, असेल कुणी शेजारी. पण वाक्य दुर्बोध राहिलं असतं. भाषांतर अपुरं राहिलं असतं. मी 'कोंबडा' या शब्दावर चारचा आकडा घातला आणि खाली लिहिलं: पत्रलेखक आपल्या विभागप्रमुखांसाठी हे टोपणनाव वापरतो.

पत्रलेखक वापरतो. हे खरंच होतं. मी काही खोटं लिहिलं नाही. ते वाक्य टाइप करताना माझा हात अडखळला का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. नाही अडखळला. मला फक्त एवढं आठवतं की टीप थोडक्यात आणि नेमकी झाली म्हणून मला बरं वाटलं.

हेरगिरीचा संशय त्याच दिवशी मिटला. पण कागद फाइलला लागला होता आणि फाइल विभागप्रमुखांकडे गेली. महिन्याभरात माझ्या मित्राची बदली साइटवर झाली, जिथे वीजकेंद्र उभं राहत होतं अशा एका ठिकाणी, रेल्वे स्टेशनापासून तीन तासांवर. मुलगी दहावीला होती. क्वार्टर सोडायला पंधरा दिवस दिले. परवानगीशिवाय परदेशी पत्रव्यवहार करणार नाही, असं त्याच्याकडून लिहून घेतलं. त्याने परवानगी मागितली नाही.

सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा मी गेलो. तो दोरी आवळत होता. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "वॉस माखस्तू?" म्हणजे, कसा आहेस. इतकी वर्षं आमची गाठ पडली की पहिलं वाक्य हेच असायचं.

त्याने दोरीला गाठ मारली, वर बघितलं आणि म्हणाला, "या. बसा ना. तुम्हाला बसायला आता खुर्ची नाही, पण बसा."

तुम्हाला. बसा. सात वर्षं मी त्याचा 'बे' होतो. तो नागपुरी 'बे' मला सुरुवातीला टोचायचा. त्या दुपारी मला समजलं की त्याला सगळं कळलं आहे. आणि मी काय केलं? मी ट्रकच्या फाळक्यावर बसलो आणि साइटवर हवा बरी असते म्हणालो.

नंतर म्हातारीची तीन पत्रं आली. त्याने मागे निरोप ठेवला होता, आली तर परत पाठवा. मी ती परत पाठवली. तिला दोन ओळी लिहायला मला कुणी बंदी केली नव्हती. मी लिहिल्या नाहीत. काय लिहिणार होतो, बिनचूक?

सहा वर्षांनी तो भोपाळला परतला, पुढे निवृत्त झाला, कोलार रोडवर घर बांधलं. मी वास्तुशांतीला गेलो. तो माझ्याकडे संक्रांतीला यायचा, मी त्याच्याकडे दसऱ्याला जायचो. त्याने मला कधी टाळलं नाही. "या, कसे आहात? साखर वाढली का तुमची? काळजी घेत जा." इतका सभ्य माणूस मी पाहिला नाही. प्रत्येक भेटीत मी एखादा यिडिश शब्द मधेच टाकायचो, सहज टाकल्यासारखा, आणि तो शब्द जमिनीवर पडू द्यायचा. उचलायचा नाही. कागद कातरणं त्याने सोडलं होतं. दिवाळीला दारात बाजारचा कंदील असायचा. मला वाटायचं, एक दिवस तो उत्तर देईल. चिडून का होईना, शिवी देऊन का होईना, पण त्या भाषेत देईल, आणि मग मीही बोलेन. एवढ्या आशेवर मी तो परतल्यापासून सोळा वर्षं दसऱ्याचं सोनं घेऊन त्याच्या दाराशी जात राहिलो. स्वतः होऊन तोंड उघडायला मला काय झालं होतं, ते मी स्वतःला विचारत नसे.

मे महिन्यात वहिनींचा फोन आला. "येऊन जा. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय."

तो पुढच्या खोलीत पलंगावर होता. फार बारीक झाला होता, पण डोळे जागे. वहिनी आत गेल्या. मी खुर्ची ओढली. त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो. दोन दिवस ते वाक्य मनात घोळवत होतो, उच्चार नीट यावा म्हणून. मी म्हणालो, "ज़ाय मिर मॉयख्ल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काय म्हणालात?"

मी पुन्हा म्हणालो, हळू.

"नाही समजलं हो." त्याने मान हलवली. "ते सगळं गेलं. साइटवरच गेलं. पहिली दोन वर्षं मनात बोलायचो, मग एक दिवस शब्द येईना झाले. आता अक्षरही लागत नाही."

इतकी वर्षं मी त्याच्यापुढे जे शब्द टाकत होतो, ते त्याने मुद्दाम पडू दिले नव्हते. त्याला ते ऐकूच येत नव्हते.

मी मराठीत सांगितलं. "माफ कर, म्हटलं."

तो छताकडे बघत बोलू लागला.

"तुमचा कागद मला दाखवला होता त्यांनी. टायपिंग छान होतं. अकरा पानं. मी म्हटलं, अख्ख्या भोपाळात ती पत्रं वाचू शकणारे दोन, त्यातला मी इथे बसलोय. खाली तीन-चार टिपाही होत्या."

"चार."

"चार. साहेबांनी विचारलं, हे कोंबडा नाव कोणी ठेवलं?" तो थांबला, श्वास घेतला. "मी म्हटलं, मीच ठेवलं."

मी खुर्ची जरा पुढे सरकवली.

"तुमचं प्रमोशन होतं त्या वर्षी," तो म्हणाला. "झालं ना?"

"झालं."

"मग बरं."

त्यात टोमणा होता का, हे मी त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. सापडला नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"इतकी वर्षं काही बोलला नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. दर दसऱ्याला वाटायचं, आज बोलतील." तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. "ते आता जे म्हणालात, माफ कर, ते मराठीत म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? मराठी तर मला येत होती."

वहिनी चहा घेऊन आल्या. तो म्हणाला, "त्यांना बिनसाखरेचा द्या," आणि भिंतीकडे वळला. झोपला, किंवा झोपल्यासारखा पडून राहिला. मी चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि निघालो.

त्यानंतर तो अठरा दिवस होता. बोलत होता, ओळखत होता, असं वहिनी तेराव्याला सांगत होत्या. कोलार रोडची बस माझ्या घरापासून पाच मिनिटांवर थांबते. त्या अठरा दिवसांत मी एकदाही गेलो नाही.